गुदमरलेल्या पेशींची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी, पारदर्शक प्लास्टिकची पेटी आहे. मैसूरच्या मेटगळ्ळीत तुकोजीरावांच्या वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. "दाराचं रबर वर्षाला बदला," एवढं बजावून त्यांनी मला प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे सारे ते विसरले.

रक्तवाहिनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. बाळाच्या नाळेतून काढलेल्या तसल्या पेशी, तळाला बारीक छिद्रं असलेल्या बश्यांत वाढवून माझ्या पोटात ठेवत. मग नळीने नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हुसकून लावत. एकमेकींना घट्ट चिकटलेल्या त्या पेशी गुदमरल्यावर काय करतात, ते पाहायचं.

हे काम तुंगाचं. तिचे वडील वेंकोजीराव हिमालयात यात्रेला गेले आणि फुफ्फुसांत पाणी भरून तिथेच वारले. "विरळ हवेनं झालं," डॉक्टर म्हणाले. पण सोबत गेलेली तिची आई गोदावरीबाई स्वतःलाच बोल लावी. थंडगार नदीत अंघोळ करायचा आग्रह तिनेच धरला होता.

तुंगाने तीनदा प्रयोग केला. तिन्ही वेळा पेशी जशाच्या तशा! तिचे मार्गदर्शक दामोदरराव म्हणाले, "फरक पडत नाही, असं लिही. परवा शोधनिबंध पाठवायचा आहे."

"मग बाबा कशानं गेले?" असं पुटपुटत तुंगा माझ्याभोवती येरझारा घालू लागली. माझा जीव कासावीस झाला. दाराचं रबर चिरलं होतं, बाहेरची हवा आत शिरत होती. आतला ऑक्सिजन मोजायला मीटर नव्हता आणि मला वाचा नव्हती.

अखेर तिने दाराच्या कडेला साबणाचं पाणी लावून गॅस सोडला. भराभर फुगे आले.

"अय्यो! सर, तिन्ही निकाल चुकलेत. निबंध पाठवू नका."

"परवाची मुदत गेली तर वर्ष जाईल, तुंगा!"

"जाऊ दे, सर."

ते रागाने निघून गेले. तिने मला स्कूटरवर घालून मेटगळ्ळीला नेलं. म्हाताऱ्या तुकोजीरावांनी रबरावरून बोट फिरवलं.

"कधी बदललंस गं?"

"कधीच नाही, काका."

"नोडु, बघ! मग पेटीनं काय करायचं?" पुटपुटत त्यांनी नवं रबर बसवलं.

चौथ्या खेपेला दुसऱ्या दिवशी बश्या बाहेर आल्या. पेशी आक्रसल्या होत्या, त्यांच्यामध्ये फटी पडल्या होत्या आणि वर ओतलेला रंग सहज खाली झिरपत होता. दामोदरराव सूक्ष्मदर्शकावरून बराच वेळ उठलेच नाहीत. मग म्हणाले, "वर्ष गेलं तरी चालेल. पुन्हा कर, नीट कर."

तुंगाने तिथूनच घरी फोन लावला. "आई, अंघोळीनं नव्हे गं. हवा कमी पडली की रक्तवाहिन्यांच्या अस्तराला फटी पडतात आणि पाणी फुफ्फुसांत झिरपतं. मी डोळ्यांनी पाहिलं." पलीकडून कितीतरी वेळ रडणंच ऐकू येत होतं.

मित्रांनो, मुक्या वस्तूंची वेळेवर विचारपूस करा. आम्ही बिघडलो तरी तक्रार करत नाही. आमच्या चुकीचा भार मात्र माणसं आयुष्यभर वाहतात.