राखेपाशी ठेवलेली फळी

"त्या भट्टीवाल्या यद्दरला माणूस म्हणायचं का गं?" ओट्यावर फळी आपटत लल्ला तासादित म्हणाली. "आजही आमची फळी दारातच! राखेपाशी! आणि ती शेजारची रहमा, तिची फळी थेट भट्टीच्या पोटात. माझ्या सासूच्या वेळी आमचे रोट आत गेल्याशिवाय त्याचा बाप दुसऱ्या कुणाच्या फळीला हात लावत नव्हता."

सून तामिमुंत खाली बघत म्हणाली, "लल्ला, त्याला कळतं ना सगळं. म्हणून असेल."

"कळतं म्हणूनच तर टोमणा मारतो मेला!"

यद्दरला कळत होतं यात शंका नव्हती. फडकं काढून रोट लांब दांड्याच्या फावड्यावर घेणारा तोच. लल्लाचा मुलगा झिरी हिवाळ्यात वेढलेल्या शहराच्या तटावर बाण लागून पडला, त्याच आठवड्यात घरातलं पीठ संपलं. दुसऱ्या दिवशी लल्लाने अंगणातली माती चाळली, तिच्यात भुसा मळला, गोल रोट थापले आणि प्रत्येकावर घराचा लाकडी शिक्का दाबला: तीन रेघा, मध्ये खोगिराची कमान. भट्टीवाल्याची मजुरी म्हणून पिठाची एक गोळी द्यायची रीत होती, तीही मातीचीच वळून फळीच्या कोपऱ्यात ठेवली. आठवड्यातून दोनदा सुनेच्या डोक्यावरून फळी गल्लीतून जायची आणि यायची. खोगिरवाल्यांच्या घरी चूल थंड आहे असं म्हणायला कुणाला जागा नव्हती. फडक्याआडचे रोट घरी आले की सासूसून दार लावून उकडलेलं कातडं चावत बसायच्या.

"मागच्या वेढ्यात आठ वर्षं काढली मी," लल्ला सुनेला ऐकवायची. "हा तर दोन वर्षांचाच. त्यात काय रडायचं?"

मग एक दिवस तट फुटला. तीन दिवस तिल्मसानात कुणी दार उघडलं नाही. चौथ्या दिवशी भट्टी पेटली, तसे वेढा घालणाऱ्या मरिनींचे शिपाई धान्य शोधत गल्लीत आले. त्यांचा नायक वयस्क होता. बोली आपलीच, फक्त हेल वेगळा. कुणीतरी चुगली केली होती, की खोगिरवाल्यांची फळी वसंतभर भट्टीवर येत होती. नायकाने यद्दरला भट्टीतून ओढून काढलं.

"किती पीठ आहे त्या घरात?"

"ठाऊक नाही."

"रोट तू भाजतोस, आणि तुला ठाऊक नाही?"

"फडक्याखाली काय आहे ते मी बघत नाही. माझं काम भाजायचं."

भाल्याचा दांडा त्याच्या तोंडावर बसला. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा दांडा.

लल्ला दाराच्या फटीतून बघत होती. गल्लीतल्या बाया उंबऱ्यांवर आल्या होत्या. तट फुटल्यापासून घरातच सुकत पडलेली फळी तिने उचलली. तामिमुंतने तिचा हात धरला.

"नका लल्ला. सगळी गल्ली बघतेय. आजवर झाकलं ते..."

"माझ्या झाकण्यापायी तो मार खातोय. सोड."

तीस वर्षांत तिने स्वतः फळी भट्टीवर नेली नव्हती. आज डोक्यावर घेतली, तीही फडक्याविना, आणि ताठ मानेने गल्लीच्या मधोमध चालत भट्टीपाशी आली. एक रोट उचलून तिने नायकाच्या हातात ठेवला.

"हं. चावून बघा."

नायकाने रोट बोटाने वाजवला. रिकाम्या मडक्यासारखा खणकन वाजला. एक शिपाई फिसकन हसला, नायक हसला नाही.

"किती दिवस हे?"

"माझा मुलगा तुमच्या बाणाने गेला तेव्हापासून. तुमच्या सुलतानाला सांगा, तिल्मसान उपाशी होतं. पण हात कुणापुढे पसरला नाही."

एका शिपायाने भट्टीपाशी ठेवलेल्या रहमाच्या फळीवरच्या फडक्याला हात घातला. त्याखाली कोंड्याचे का होईनात, खरे रोट होते. लल्लाला ते वासावरून कळत होतं.

"तिची कशाला उघडता?" ती फणकारली. "मातीचे रोट थापायचे हेसुद्धा तिने माझंच बघून उचललं. स्वतःची अक्कल कधी होती तिला?"

शिपायाने फडकं सोडून दिलं. नायकाने रोट फळीवर परत ठेवला, शिक्का वर येईल असा, आणि शिपायांना घेऊन निघून गेला.

यद्दर भिंतीला टेकून बसला होता. ओठातून रक्त गळत होतं.

"आता खरं बोल," लल्ला त्याच्यासमोर उभी राहिली. "एवढं झाकायचंच होतं, तर आमची फळी राखेपाशी का ठेवत होतास? हसं करायला?"

"ओल्या मातीला एकदम धग लागली की ती फुटते, लल्ला." त्याला नीट बोलता येत नव्हतं. "मोठा आवाज होतो. बाया रांगेत उभ्या असायच्या. दारात ठेवली की हळूहळू सुकते."

तिची नजर वर गेली. भट्टीच्या कोनाड्यात मातीच्या गोळ्या ओळीने मांडल्या होत्या. हिवाळ्यापासूनच्या सगळ्या.

"आणि ह्या?"

"माझी मजुरी आहे. टाकून कशी देऊ?"

लल्लाने फळीच्या कोपऱ्यातली आजची गोळी उचलली, पदराने पुसली आणि ओळीत शेवटी ठेवली. वळून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"भाजणारा तू सुमारच आहेस, यद्दर, बापाचा हात तुला आला नाही. पण माणूस आहेस. पीठ येईल तेव्हा आमची फळी आत ठेवायची, थेट पोटात. करपली तर गाठ माझ्याशी आहे."