गटार कोणाच्या बाजूने

नगर परिषदेच्या सभागृहात सुनावणी सुरू होऊन जेमतेम दोघं-तिघं बोलले असतील, तेवढ्यात वेल्डरने नकाशाचा लोखंडी स्टँड उचलला आणि आपल्या सख्ख्या मेव्हण्याच्या तोंडावर हाणला.

कारण म्हटलं तर साधं होतं. पाऊस पडला की गल्लीत घराघरांत घाण पाणी शिरायचं, म्हणून परिषद मोठं बंदिस्त गटार बांधणार होती. ते कोणत्या बाजूने न्यायचं, यावर लोकांच्या सूचना-हरकती मागवल्या होत्या. डावीकडून नेलं तर वेल्डरचं वर्कशॉप निम्मं पाडावं लागणार होतं, उजवीकडून नेलं तर समोरच्या खाटकाचं दुकान. खाटीक हा वेल्डरच्या बायकोचा पाठचा भाऊ. तो तिला तायडी म्हणायचा, म्हणून अख्खी गल्ली तिला तायडीच म्हणायची. नवऱ्याने जोडलेल्या ग्रिलना ती रंग मारायची आणि दुपारचा चहा समोर भावजयीकडे प्यायची.

माईक खाटकाच्या हातात आला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, डावीकडूनच न्या. दाजींचं शेड पत्र्याचं, कुठेही उभं राहील. आणि खरं सांगू का, त्यातलं निम्मं सरकारी जागेवरच आहे."

सभागृहात खसखस पिकली. वेल्डर उठला.

"माझ्या घरात जेवतोस आणि चारचौघांत माझंच शेड उघडं पाडतोस?"

"जेवायला ताई वाढते, दाजी. तुम्ही फक्त तोंड वाकडं करता."

त्यावर तो फटका बसला. खाटकाच्या नाकाचं हाड मोडल्याचा आवाज माईकमधून सगळ्यांनी ऐकला. रक्त नकाशावर उडालं. मग कोण कोणाला मारतंय हेच कळेना. डावीकडचे उजवीकडच्यांवर तुटून पडले, प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यांवर फुटू लागल्या आणि परिषदेचा इंजिनीअर टेबलाखाली शिरला. या गोंधळात तायडीने नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला मागच्या दाराने बाहेर काढलं.

वर्कशॉपमध्ये पोचल्यावर तिने शटरला हात घातला. ते अर्ध्यावर आलं असेल, तेवढ्यात भाऊ खाली वाकून आत शिरला. नाकाखाली सगळं रक्ताने माखलेलं, आणि हातात दुकानातला सुरा.

"बाजूला हो, तायडे."

"अरे, वेडा झालास का? टाक तो आधी!"

"बाजूला हो म्हटलं ना!"

ती हलली नाही. त्याने तिला ढकलून नवऱ्यावर वार केला आणि तो तिने मध्ये घातलेल्या हातावर बसला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडं उकललं. कळ डोक्यात जायच्या आत तिने टेबलावरचा घण उचलला होता. भावाचा सुऱ्याचा हात टेबलाच्या लोखंडी कडेवर टेकला होता. तिने जिवाच्या आकांताने त्याच्या मनगटावर घण घातला. सुरा खाली पडला. भाऊ गुडघ्यावर आला आणि लहानपणी ओरडायचा तसा ओरडला, "तायडे गं!"

तिला वाटलं, संपलं.

पण नवरा पुढे झाला. त्याने मेव्हण्याच्या बरगड्यांत लाथ घातली, मग आणखी एक. नाकातोंडातून रक्त येणारा माणूस हात जोडत होता, आणि त्याचा एक हात जोडलाच जात नव्हता. वेल्डरने ग्राइंडर उचलला आणि बटण दाबलं. चाक किंचाळायला लागलं.

"अहो! अहो, पुरे! मरेल तो!"

"मरू दे."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मापात पत्रा कापताना असायचा तसा तो शांत होता. तायडी धावली आणि तिने भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. ग्राइंडरचं चाक भावाच्या मानेजवळ मंद होत थांबलं. वेल्डरने तिला अशी थोबाडीत मारली की ती ग्रिलांवर जाऊन आदळली. तो पुन्हा स्विचकडे वळला, तेवढ्यात पोलीस शटर वर सरकवून आत आले.

पुढची सुनावणी ठेवली तेव्हा दारात पोलीस होता आणि खुर्च्या एकमेकींना दोरीने बांधलेल्या होत्या. नवरा कोठडीत, भाऊ जामिनावर. तायडीच्या हाताला टाके. व्हरांड्यात भावजय समोर आली आणि तिने तायडीच्या कानाखाली आवाज काढला.

"ज्या हाताने त्याला भरवलंत, त्याच हाताने त्याचा हात मोडलात, वन्सं."

"मोडला नसता तर माझ्या हातासारखा आणखी कोणाचा गळा चिरला असता त्याने."

भावजय रडू लागली. मग आत गेली आणि तायडीच्याच शेजारी बसली.

नाव पुकारल्यावर तायडी उभी राहिली. "गटार मधून न्या," ती म्हणाली. "ना इकडून, ना तिकडून."

इंजिनीअरने घसा साफ केला. "मधून नेता येतं. पण वर झाकणं येतील, त्यांना गाडीचं वजन पेलणार नाही. मग गल्लीत गाडी येणार नाही. तुमचा लोखंडाचा टेम्पो नाही, मटणाची गाडी नाही, कोणाचीच नाही. लोक ऐकणार नाहीत म्हणून आम्ही ते सुचवलंच नव्हतं."

एकच गिल्ला झाला. गिरणीवाला ओरडला, "आम्ही पोती काय डोक्यावरून न्यायची?"

मागच्या रांगेतून प्लास्टरमधला हात उंचावत भाऊही ओरडायला लागला. तेव्हा भावजय उठली. "तुम्ही बसा खाली," ती नवऱ्याला म्हणाली, आणि मग गिरणीवाल्याकडे वळली. "हो, डोक्यावरून न्या. फुटलेल्या डोक्यापेक्षा पोतं बरं."

हात वर करून मतं घेतली. थोड्याच मतांनी, पण मधली बाजू ठरली.

गटार झालं. घरात पाणी शिरायचं थांबलं. भावाचं मनगट वाकडंच जुळलं. त्याच्या हातात सुरा ठरत नाही, म्हणून आता भावजय मटण तोडते आणि तो गल्ल्यावर बसतो. बहिणीकडे तो बघत नाही.

नवऱ्याला शिक्षा झाल्यावर तायडी तुरुंगात भेटायला गेली. जाळीपलीकडून त्याचा पहिला प्रश्न होता, "गटार कुठून गेलं?"

तिने सांगितलं.

"म्हणजे टेम्पो दारात येणार नाही? कोणाला विचारून बोललीस तू?"

"मी कशाला विचारू? सुनावणी होती. त्यांनीच मला विचारलं."

तो जाळीवर मुठी आपटायला लागला. शिपाई ओरडला, तरी थांबेना. तायडी उठली. बाहेरच्या खिडकीवरच्या बाईने पुढच्या भेटीचा दिवस लिहून देऊ का म्हणून विचारलं, तेव्हा ती "नको" म्हणाली आणि रस्त्याला लागली.