बागेत पाणी कोण मागतं?

सरलाबाईंनी भावाच्या लेकीच्या, जमनाच्या, लुगड्याच्या निऱ्या ओढून तिच्या डाव्या पायावर पसरल्या, दोन पावलं मागं जाऊन पाहिलं आणि पुन्हा येऊन आणखी थोड्या ओढल्या. पाय पार झाकला गेला.

"आते कोनी काय बी सांगो, उठू नको."

"फुई, तहान लागनी."

"कळ काढ. पानी पिशी ते उठनं पडी."

सकाळचे दहा वाजले होते. पाहुणे येणार होते तीनला.

नंदुरबारच्या बाजाराचा गोंगाट संपतो तिथं, पाण्याच्या टाकीजवळ, नगरपालिकेनं नुकतीच ही बाग केली होती. फाटकापासून बाकापर्यंत एक पायरी नाही, कडेनं मेंदी, आणि दुपारी चिटपाखरू नाही. मुलगी इथं दाखवायची ही युक्ती सरलाबाईंची. घरी दाखवायची म्हणजे मुलीनं पाण्याचा तांब्या घेऊन चुलीपासून ओसरीपर्यंत चालत यायचं, आणि ओसरीवर बसलेल्यांनी तेवढ्यात काय ते पाहून घ्यायचं. पाच स्थळं त्या तांब्यावरून परत गेली होती. लहानपणच्या तापात पाय वाळला, यात त्या पोरीचा काय दोष? पण ऐकतो कोण! बागेत बरं असतं. बसलेली मुलगी बसलेलीच दिसते. बागेत पाणी कोण मागतं?

फसवणूकच होती ती. जमनाच्या बापाला, हिंमतरावांना, ती मनातून डाचत होती. पण मागं धाकट्या दोघी होत्या. हे स्थळ गेलं तर आधी त्यांची लग्नं उरकायची आणि थोरलीनं घरातच राहायचं, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. त्या दिवशी जमनाच्या हातच्या भाकरी तेवढ्या करपल्या.

पलीकडं निंबाखालच्या बाकावर तीन माणसं पाठमोरी बसली होती, बाकी बाग रिकामी. एक वाजला, दोन वाजले, ती माणसं हलली नाहीत. तीन वाजता त्यांतला एक जण उठून सरळ इकडंच आला.

"राम राम. मी चुनीलाल. आम्ही नऊ वाजापासून त्या निंबखाले बठेल शेत."

बाकाशेजारी उभे असलेले हिंमतराव पुढं झाले.

"मंग पोऱ्याले इकडे बलावा ना."

"लाजाळू शे. तुम्हीच पोरले लई या."

"पोर बी लाजाळू शे," सरलाबाई घाईनं म्हणाल्या.

शेवटी चुनीलालची बायको रुक्मिणीबाई आपणच आली. तिनं जमनाची हनुवटी उचलून पाहिली, शिवण येतं का विचारलं, येतं म्हटल्यावर खूश झाली आणि तिच्या ओटीत नारळ घातला. तिचा मुलगा, चुडामण, बाकावरच वळून बसून लांबून पाहत राहिला. जमनानं त्याच्याकडं एकदा बघून घेतलं. नाकीडोळी बरा होता. सरलाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जमलं बाई, जमलं!

आता पाहुण्यांनी निघायचं, मग आपण. पण पाहुणे कुठले निघतात!

"तुम्ही व्हा पुढे."

"छे, छे. पहिले तुम्ही."

हे दिवस कलेपर्यंत चाललं. माळी दिवाल्या किल्ल्या वाजवत आला.

"फाटक लावनं शे. उठा आते."

कुणी उठेना.

जमनाच्या घशाला काटे आले होते. दहा पावलांवर नळ टपकत होता आणि सकाळपासून ती तेवढंच ऐकत बसली होती. नवरा नको, घर नको, पण घोटभर पाणी हवं. तिनं नारळ बाकावर ठेवला, फुईचा हात दंडावरून सोडवला आणि उठली. सगळ्यांदेखत, डावा पाय ओढत, नळापाशी गेली.

रुक्मिणीबाईचं तोंड उघडंच राहिलं. तेवढ्यात निंबाखाली चुडामणनं बाकाच्या मागून काठी काढली. उजवा पाय ओढत तोही नळाकडं निघाला.

"तुम्ही बी पानी पिनात नई?" जमनानं विचारलं.

"सकायपासून नई. माय पिऊच दे नई."

जमना हसली. शेवटचं कधी हसली होती, कोण जाणे. त्याच्यासाठी तिनं नळ चालूच ठेवला.

बाकापाशी भडका उडाला होता.

"फसाडं आम्हले!" चुनीलाल म्हणाला.

"आनि तुम्ही? लंगडा पोऱ्याले मी मन्ही पोर देऊ?" हिंमतराव ओरडले. आपण काय बोललो ते त्यांच्याच कानावर पडलं आणि त्यांनी नळाकडं, जमनाकडं पाहिलं.

रुक्मिणीबाई रडायला लागली.

"एक घरमा दोन्ही आशा! पानी कोन भरी? मी गयी म्हनजे चूल कोन चेटाडी?"

रुक्मिणीबाईनं बाकावरचा नारळ उचलून पदराखाली घेतला.

मोठी माणसं तणतणत पुढं गेली. ही दोघं मागं राहिली. जमना आजवर कुणाच्या तरी मागं पडत चालली होती, नाहीतर तिच्यासाठी कुणाला तरी थांबावं लागलं होतं. आज शेजारच्या काठीचा ठोका तिच्या पावलाबरोबर पडत होता. फाटकापर्यंत दोघांपैकी कुणालाच घाई करावी लागली नाही.

बाहेर दोन टांगे उभे होते. एक एस.टी.च्या स्टँडवर जायचा होता, एक रेल्वे स्टेशनवर. मागं दिवाल्यानं फाटकाला कुलूप घातलं. टांग्यात बसल्याबरोबर सरलाबाईंनी सवयीनं निऱ्या ओढून जमनाच्या पायावर पसरल्या.

"ऱ्हाऊ दे, फुई," जमना म्हणाली. "आते कोन देखी?"