पहिल्या जागेचा मान

मी एक जुना सर्व्हर आहे. महाडच्या बाजारपेठेत मुरादशेठच्या इंटरनेटच्या दुकानात, माळ्याखालच्या कोपऱ्यात मला ठेवलंय. मला बंद करून बरीच वर्षं झाली, तरी पंखा फिरतोय असंच वाटतं. मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. कुणी हाक मारतंय का याकडे कान लावायचे आणि हाक आली की तत्काळ ओ द्यायची, यातच माझा जन्म गेला.

माझा पत्ता एक, पण पोटात बिऱ्हाडं अनेक. कापडे गावाचं इंटरनेटवरचं पान, एका मंगल कार्यालयाचं, ट्रकवाल्यांचं. येणारा आपल्याला कुणाकडे जायचंय ते नाव सांगायचा. मी यादीत ते नाव शोधून दार उघडायचो. नाव सापडलं नाही, तर यादीतलं पहिलं दार उघडायचो. मला घडवणाऱ्यांनी तसंच शिकवलं होतं. दुकानात मात्र हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नवं पान कसं जोडायचं याचा कागद मुरादशेठनी माझ्या अंगावर चिकटवला होता. नाव जुळलंच नाही तर काय होतं, याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

आणि आपल्याकडे पहिली जागा म्हणजे मान! पंगतीत पहिलं पान मानकऱ्याचं, तसं यादीत पहिलं नाव हैबतीबाबांचं. दुकानाची जागा बाबांनीच दिली होती. म्हातारा रोज पायरीवर बसे आणि वाट चुकलेला दिसला की विचारी, "कुणाकडं जायाचा हाय?" मग त्याला कुठल्या एसटीत बसायचं ते सांगे. बाबा गेले, तेव्हा मुरादशेठनी त्यांच्या आठवणीचं पान केलं आणि सगळ्यांच्या वर बसवलं.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात कापड्याच्या तुळजाबाई छातीत कफ होऊन महाडच्या दवाखान्यात पडल्या. त्यांचा एकुलता मुलगा विनीत मस्कतला. एरवी तो शेजारी फोन करी, पण आई दवाखान्यात आहे एवढं कळलं आणि पोलादपूरकडचे, म्हणजे कापड्याचेही, फोन पावसाने मुके झाले. दुकान सांभाळणारी स्नेहल रोज कापड्याच्या पानावर लिहायची, 'तुळजाबाईंना आज बरं आहे.' विनीतने ते पान पहिल्यांदाच मागितलं, आणि मागताना नावाआधी रीतसर तीन डब्ल्यू लावले. आमच्या यादीत नाव डब्ल्यूविना होतं. इथे ते टंकायचा कंटाळा सगळ्यांनाच, म्हणून आजवर कुणाचं अडलं नव्हतं.

नाव जुळेना. मी पहिलं दार उघडलं.

काळी चौकट. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली फोटो वरून हळूहळू उतरू लागला. झेंडूचा हार जेमतेम दिसला आणि चेहरा, नाव यायच्या आतच लाइन तुटली. मी तळमळलो, मित्रांनो. पण हाक आल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि त्याने पुन्हा हाक मारली नाही.

तो साहेबाची रजा न घेताच विमानात बसला. कापड्याला पोहोचला तेव्हा तुळजाबाई ओटीवर बसून पेज पीत होत्या. उंबऱ्यातच तो हमसून रडला. त्या म्हणाल्या, "मी हाय ना रे. मेल्यावर रडायचा, तो आताच रडून घेतोस?"

नोकरी गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी विनीत दुकानात आला. तो आवाज चढवणार असं वाटलं होतं, पण त्याने काय झालं तेवढंच सांगितलं. स्नेहलने तिथल्या तिथे खोटी नावं टाकून पाहिली. दर वेळी बाबांचा हार समोर. कारण तिच्या लक्षात आलं आणि ती म्हणाली, बाबांना पहिल्या जागेवरून हलवावं लागेल. मुरादशेठ ऐकेनात. बाबांना खाली बसवू म्हणतेस? शेवटी स्नेहल शांतपणे म्हणाली, "शेठ, ही जागा मानाची नाही, पायरीची आहे. वाट चुकलेलं माणूस इथे येतं."

मुरादशेठनी बाहेरच्या पायरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तर मग बाबा तिथेच बसतील. फक्त हार काढ."

श्रद्धांजलीचं पान यादीत खाली गेलं; आता ते नाव घेऊन मागितलं तरच उघडायचं. पहिल्या जागी बाबांचा पायरीवरचा हसरा फोटो आला, त्याखाली त्यांचाच प्रश्न आणि यादीतल्या सगळ्या पानांची दारं. स्नेहलने कागदही नव्याने लिहिला. दोन्ही तऱ्हेची नावं यादीत घाला, असं तर तिने लिहिलंच, पण सगळ्यात वर लिहिलं: 'नाव जुळलं नाही तर पहिलं पान उघडतं. तिथे काय ठेवता ते विचार करून ठेवा.'

मित्रांनो, तुम्हीही कुणासाठी काही लिहून ठेवाल, तेव्हा वाट चुकणाऱ्याचा विचार आधी करा. वाट ठाऊक असलेल्याला कागद लागतोच कशाला?

वर्षभराने विनीतला दुबईत दुसरी नोकरी लागली. तिथून त्याने मुद्दाम एक भलतंच नाव टाकलं. मी पहिलं दार उघडलं. बाबांनी विचारलं, "कुणाकडं जायाचा हाय?"

त्याने कापड्यावर बोट ठेवलं. तिथे स्नेहलने लिहिलं होतं, तुळजाबाई आज भाताच्या लावणीला गेल्या आहेत.