सव्वीस हजारांचा ड्रमसेट

किशोरी घरत आणि सुमेध यांचा खारघरला म्युझिक क्लास होता. सोसायटीच्या तळमजल्यावर भाड्याचे दोन गाळे, एकात सुमेध गिटार शिकवायचा, दुसऱ्यात किशोरी ड्रम. पाच वर्षं दोघांनी फी एकाच खात्यात जमा केली होती आणि त्यावरून कधी तू-तू मैं-मैं झालं नव्हतं. यंदा ड्रमला मुलं वाढली आणि एक सेट पुरेना. नवा स्वस्तातला सेट घ्यायला किशोरी तयार नव्हती. "त्यापेक्षा बादल्या उपड्या घालून शिकवते," ती म्हणायची. म्हणून पनवेलला उरण नाक्याजवळ कोणाकडे तरी पन्नासेक वर्षांपूर्वीचा विलायती सेट पडून आहे असं कळलं, तेव्हा तिनेच नंबर मिळवला, तिनेच फोन केला.

सेट गजूशेठचा होता. गजूशेठचा ऑर्केस्ट्रा पनवेल-उरण पट्ट्यात हळदीला, साखरपुड्याला, पूजेच्या कार्यक्रमाला वाजायचा. आता डीजेमुळे धंदा मंदावला होता, तरी शेठपण काही उतरलं नव्हतं. पांढरा झब्बा, चार बोटांत अंगठ्या, करंगळीचं नख वाढवलेलं. दारातच त्याने किशोरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग सुमेधला म्हणाला, "ड्रमर मॅडम या? मला वाटलं, तुम्ही."

"तीच," सुमेध हसून म्हणाला.

ओट्यावर शेठची बायको शशिकला भाजी निवडत बसली होती. तिने मान वर केली, किशोरीकडे एकदा नीट पाहिलं आणि परत खाली घातली.

सेट घरामागच्या पत्र्याच्या गोदामात होता. दार उघडलं आणि असा भपकारा आला की किशोरीने ओढणी नाकाला लावली. उंदीर, कुजका गालिचा आणि गुटखा. कोपऱ्यातली भिंत कंबरेपर्यंत लाल झाली होती, आणि शेठने आत शिरताशिरता तिथेच आणखी एक पिचकारी मारली. त्याचे शिंतोडे सगळ्यात जवळच्या ड्रमवर उडाले. त्याने ते पाहिलं आणि झब्ब्याच्या टोकानेसुद्धा पुसले नाहीत.

"पंचेचाळीस हजार," तो म्हणाला. "असला माल आता मिळत नाय."

किशोरीने पिशवीतून टेप, ड्रमचे स्क्रू पिळायची चावी आणि टॉर्च काढला आणि ती जमिनीवर बसली. एकेका ड्रमचं वरचं प्लास्टिक तिने सोडवलं. लाकडाच्या कडेवरून बोट फिरवलं, कुठे ढलपी निघालीय का ते पाहिलं. मग टेप आडवा लावला, उभा लावला. जुने ड्रम दमट जागी राहिले की लंबगोल होतात, मग कितीही पिळा, सुरात येत नाहीत. हे गोल होते. इतक्या घाणीत राहूनही गोल. तिला त्या लाकडाचं नवल वाटलं आणि त्याच क्षणी शेठचा राग आला.

मोठ्या ड्रममध्ये आवाज दाबायला कोणीतरी कधीकाळी उशी कोंबली होती. तिने ती ओढली तसा फाटका कापूस, लेंड्या आणि कागदाचे कपटे तिच्या मांडीवर सांडले. मागोमाग एक वाळलेला उंदीर. पोट चपटं झालेला, दात विचकलेला. ती झटकन उभी राहिली.

"तो फुकट," शेठ म्हणाला आणि खो-खो हसला. सुमेधही हसला.

ती परत बसली. झांजांपैकी एकीला काठापासून वीतभर तडा होता. ती गेल्यातच जमा. पायाने मारायच्या पेडलचा पट्टा तुटलेला आणि स्प्रिंग गंजून कडक झालेली. प्लास्टिकं सगळीच बदलायला लागणार. ती मनात हिशेब करत होती. सेट धड असता तर शेठचा आकडा खोटा नव्हता. त्यातून प्लास्टिकांचे आठ हजार, पेडलचे सहा, झांजेचे पाच वजा केले की सव्वीस. सव्वीस हजार ही त्या सेटची खरी किंमत होती. त्यात ना त्याला लुबाडणं होतं, ना स्वतःची फसवणूक.

"शेठ, मी सव्वीस देईन," ती म्हणाली आणि कारणं सांगितली. झांज दाखवली, पेडल दाखवलं.

शेठ ऐकतच नव्हता. तो तिच्या हातांकडे पाहत होता.

"हात तर एवढेसे. काठी पेलते?" असं म्हणून त्याने तिचं मनगट धरलं, बांगडीचं माप घेतल्यासारखं. तिने हात सोडवून घेतला. तो अजिबात ओशाळला नाही. "अगो, मी काय म्हणतो, पंचेचाळीस परक्यांना. आपल्या माणसाला दहा. तू आपल्या पार्टीत ये. दोन-तीन हळदी कर. लेडीज ड्रमर म्हटल्यावर पब्लिक वेडी होईल. फक्त हे असं पंजाबी ड्रेस-ओढणी नाय चालणार. जरा मोकळं काहीतरी. काय साहेब?"

"काय" त्याने सुमेधला विचारलं होतं. सुमेध म्हणाला, "आयडिया वाईट नाही शेठ."

"बघ. साहेबाला पटलं." शेठ जवळ सरकला. "मानेला जाळी लागलीय तुझ्या," असं म्हणत त्याने ते लांब नख तिच्या मानेवरून कानापर्यंत नेलं.

किशोरीला वाटलं, मघाचा उंदीर परवडला. ती मागे झाली, सामान पिशवीत भरलं. "सव्वीस," ती पुन्हा म्हणाली. आवाज तिला हवा होता तेवढा खणखणीत निघाला नाही. "एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही. द्यायचा तर फोन करा."

"पंचेचाळीस नाय तर दहा," शेठ म्हणाला. "मधलं काय नाय आपल्याकडे."

बाहेर आल्यावर ती ओट्याशेजारच्या नळावर गेली आणि न विचारता हात धुतले. मग मान धुतली. शशिकलाने साबणाची वडी पुढे सरकवली.

रस्त्यावर येताच सुमेध सुरू झाला. "तू पण ना. जरा हसली असतीस तर वीसमध्ये तुटला असता. म्हातारा आहे गं तो. त्यांची बोलायची पद्धतच तशी."

"त्याने माझ्या मानेला हात लावला. तू बघत होतास."

"जाळी काढली त्याने."

ती थांबली. पाच वर्षं जो माणूस रोज समोरच्या गाळ्यात बसतो, ज्याच्या डब्यातलं आपण खातो, त्याचा चेहरा तिने नीट पाहिला. तो खरंच वैतागला होता. त्याच्या डोक्यात फक्त वाचणारे सोळा हजार होते. तिने रिक्षाला हात केला आणि एकटीच बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती क्लासला पोचली तेव्हा दारात टेम्पो उभा होता आणि सेट आत लागत होता. सुमेध घामाघूम, पण खूश.

"कितीला?" तिने विचारलं.

"दहा! क्लासच्या खात्यातून दिले. सकाळी गेलो, दोन गोड शब्द बोललो, विरघळला."

तिला क्षणभर आनंदच झाला. उजेडात सेट गोदामातल्यापेक्षा बरा दिसत होता. धुळीखालून लाल चमक डोकावत होती. तिने एका ड्रमला टिचकी मारली, आणि तेवढ्यात फोनवर मेसेज आला. अनोळखी नव्हता, शेठचाच नंबर. 'शनिवारी गव्हाणला हळद आहे. साहेबांनी तुझं फिक्स केलं. ड्रेसचं माप पाठव, लाल शिवून ठेवतो.' खाली दोन हसरे चेहरे आणि एक डोळा मारणारा.

तिने फोन सुमेधच्या समोर धरला. त्याने वाचलं.

"अगं, ते असंच म्हटलं मी. लिहून थोडंच दिलंय? शनिवारी ताप आला म्हणून सांगू. पुढच्या वेळी आणखी काही. कंटाळेल तो."

"तू माझ्या वतीने हो म्हणालास."

"क्लाससाठी म्हणालो! माझ्यासाठी नाही. सेट कोणासाठी आहे? तुझ्याच मुलांसाठी ना?"

तिला अंगावर काहीतरी चिकट सांडावं आणि पुसायला फडकं सापडू नये, तसं झालं. ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. सेट परत पाठवावा हे पहिलं मनात आलं. पण परत नेऊन द्यायचा म्हणजे पुन्हा त्या दारात जायचं, पुन्हा त्या माणसाशी बोलायचं. आणि ठेवायचा, तर दहा हजारांना ठेवायचा नाही. दहा हजारांत ती स्वतः धरलेली होती. तिने शेठचा नंबर फिरवला.

फोन शशिकलाने उचलला. "तो अंघोळीला गेलाय. कोण?"

किशोरीने नाव सांगितलं आणि मग सगळं सांगूनच टाकलं. सेट आला, दहाला आला, तिने काहीच कबूल केलेलं नाही, राहिलेले सोळा हजार ती आत्ता पाठवते आहे. मग हळदीचा आणि तिचा काही संबंध राहणार नाही.

पलीकडे भाजी चिरल्याचा आवाज येत होता. मग शशिकला म्हणाली, "मी गायला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मलाही दोन-तीनच हळदी सांगितल्या होत्या." चिरण्याचा आवाज थांबला. "पैसे पाठव, बाय. पाठवल्याचा फोटो काढून ठेव. मग आमचा हा नंबर ब्लॉक करून टाक. मी त्याला सांगते, पूर्ण पैसे मिळालेत, पोरगी येणार नाय."

"तुम्हाला त्रास होईल."

"मला काय व्हायचंय आता," शशिकला म्हणाली आणि फोन ठेवला.

किशोरीने स्वतःच्या खात्यातून सोळा हजार पाठवले. सोबत लिहिलं, 'ड्रमसेटचे पूर्ण सव्वीस हजार दिले. कोणत्याही कार्यक्रमाला मी होकार दिलेला नाही.' निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही, पैसे परत आले नाहीत. तिने शेठचा नंबर ब्लॉक केला. मग क्लासच्या खात्यात दहा हजार भरले आणि आत येऊन सुमेधला सांगितलं की सेट आता तिचा एकटीचा आहे.

"सोळा हजार उकिरड्यावर टाकलेस," तो म्हणाला. "एका डुकराच्या तोंडात."

"हो," ती म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

पुढचे तीन दिवस तिने सेट धुण्यात घालवले. साबणाचं पाणी, जुने टूथब्रश, कापूस. गुटख्याचे शिंतोडे लाल आवरणात इतके मुरले होते की नखाने खरवडावे लागले. रात्री जेवताना हाताला वास येतोय असं वाटून ती मध्येच उठायची. शनिवारी संध्याकाळी तिने क्लासची कडी आतून लावून घेतली होती. गाडी थांबल्याचा आवाज आला की ती हातातलं काम सोडून कान द्यायची. कोणी आलं नाही. त्याचाही तिला संताप आला, की कोणी येणार नव्हतं तरी आपण असं दार लावून बसलो.

सुमेधने नंतर माफी मागितली. चहा घेऊन आला, म्हणाला, "माझं चुकलं, मी इतका विचार केला नव्हता." तो मनापासून बोलत होता हे तिला दिसत होतं. पण त्याने कप ठेवताना बोटं तिच्या बोटांना लागली आणि तिने हात ओढून घेतला, आपसूक. दोघांनीही ते पाहिलं. त्यानंतर फी वेगवेगळ्या खात्यांत जमा व्हायला लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्याने कामोठ्याला जागा बघितली. पालकांना दोघांनी एकच कारण सांगितलं, की जागा अपुरी पडते.

गिटारचा गाळा रिकामा झाल्यावर किशोरीने जुना सेट तिकडे हलवला. नवी प्लास्टिकं चढवली, नवी झांज आणि नवं पेडल घेतलं, आणि सगळे ड्रम सुरात आणायला तिला पूर्ण सकाळ लागली. आवाज भरदार होता, तिने आजवर वाजवलेल्या कुठल्याही सेटपेक्षा चांगला. ती बराच वेळ एकटीच वाजवत बसली. मग थांबली, काठ्या ठेवल्या आणि बेसिनवर जाऊन साबणाने हात धुतले.