उघडू, उघडा

‘अगं, तुमच्या पेपरात आज काहीतरी उलटंच छापलंय बघ,’ शेजारीण दारातूनच म्हणाली. रविवारची पुरवणी तिने पंख्यासारखी हातात धरली होती. ‘गाडी तापली की झाकण उघडायचं म्हणे! आमचे हे म्हणतात, उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. खरं काय गं?’

‘बघू,’ म्हणत तिने इस्त्री उभी केली आणि पुरवणी हातात घेतली. ‘घर आणि गाडी : सोप्या युक्त्या’ हे सदर नेहमीच्या कोपऱ्यात होते. फ्रिजला वास येत असेल तर वाटीभर खायचा सोडा आत ठेवा. टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. आणि त्याखाली : ‘चढावर इंजिन तापल्यास गाडी बाजूला घ्या, बॉनेट उचला आणि रेडिएटरचे झाकण लगेच उघडा.’

हे वाक्य तिच्या ओळखीचे होते. काल संध्याकाळी तिनेच ते दुरुस्त केले होते.

ती वृत्तपत्राच्या कचेरीत मुद्रितशोधक होती. ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत ती बापाचीही भीड ठेवत नसे, म्हणून सगळे तिला कानामात्राबाई म्हणत. समोर म्हणत, आणि तिलाही ते मनातून आवडे. काल ऐन वेळी एक जाहिरात आली, पाने लावणाऱ्याने सदर दाबून बसवले आणि त्या ओळीचा शेवटचा शब्द जाहिरातीच्या चौकटीखाली गेला. तिच्यापुढे कागद आला तेव्हा वाक्य ‘झाकण लगेच उघडू’ एवढ्यावर लोंबकळत होते. अशी वाक्ये तिला भातातल्या खड्यासारखी लागत. तिने ऊकार काढला, काना दिला, पूर्णविराम टाकला आणि पुढे गेली. वाक्य कसे अगदी शुद्ध झाले. मूळ कागदावर ‘उघडू नका’ होते, हे तिने पाहिले नाही. पाहायची गरजच वाटली नाही.

‘काय गं, अशी पांढरीफटक का पडलीस?’ शेजारणीने विचारले.

‘आई-बाबा आज गाडीने मावशीकडे निघालेत,’ ती म्हणाली. ‘वाटेत तो लांबचा चढ आहे. बाबांची गाडी तिथे दर वेळी तापते.’

‘अगं, पण तुझे बाबा एवढे जुने ड्रायव्हर. ते कशाला पेपर बघून गाडी चालवतील?’

हे शेजारणीला कोण सांगणार! बाबांनी सगळी हयात कंपनीच्या साहेबांची गाडी चालवली होती आणि तिला कधी ओरखडा येऊ दिला नव्हता. कुणी गाडीबद्दल शहाणपण शिकवायला लागला की ते कानकोरणे शोधायला उठत. पण लेक पेपरात लागली आणि पेपराचे सगळेच त्यांना पटू लागले. युक्त्यांचे सदर तर ते चष्मा पुसून वाचत. त्यांच्या फ्रिजमध्ये सोड्याची वाटी होती, आणि आईने तो सोडा एकदा पिठात घातला म्हणून दोन दिवस अबोला झाला होता. पिशवीच्या अडकलेल्या चेनला ते मेणबत्ती घासत. पेपरात आले ते करायचे, कारण ते पोरीच्या नजरेखालून गेलेले असते.

तिने बाबांना फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आईने मोबाइल सवयीप्रमाणे घरीच ठेवला असणार. ‘झाकण उघडू नका’ असा निरोप तिने बाबांना लिहून पाठवला. पाठवण्याआधी तिने शब्द पुन्हापुन्हा तपासला. मग आठवले, गाडी चालवताना बाबा मोबाइलकडे ढुंकूनही बघत नाहीत.

मावशीला फोन केला. मावशी निवांत होती. ‘अजून पोचले नाहीत गं. चढावर थांबत थांबत येतील. एवढी काय घाईला आलीस?’

मग तिने संपादकांना गाठले. ते घरी होते. मागे टीव्ही चालू होता.

‘सर, आजच्या सदरात घोटाळा झालाय. “नका” गळलंय. अर्थ उलटा झाला.’

‘बाई, ते सदर वाचतंय कोण? जागा भरायला असतं ते. उद्या शुद्धिपत्र टाकू.’

‘माझे वडील वाचतात, सर.’

टीव्हीचा आवाज बंद झाला. ‘थांबा,’ ते म्हणाले. ‘वेबसाइटवरून आत्ता काढायला सांगतो. पण छापलेल्याचं मी काय करू, बाई? ते घरोघरी गेलं.’

घरोघरी. हा शब्द तिने आजवर अभिमानाने ऐकला होता. सुट्टीचा दिवस, रस्तोरस्ती कुटुंबे बाहेर पडलेली. कुठे कुणाची गाडी चढावर वाफ सोडत उभी असेल, कुणी बायकोला म्हणत असेल, अगं, आजच वाचलं बघ. मागच्या सीटवरची मुले काय चाललंय ते बघायला पुढे येतील. ती भिंतीला टेकून खाली बसली. एरवी एखादी चूक छापून गेली तर लाज वाटायची. ही लाज नव्हती. ही भीती होती आणि तिला धरायला कुठे कडाच नव्हती.

इस्त्री तशीच तापत राहिलेली शेजारणीने पाहिली आणि बटण बंद केले. तुझ्या नवऱ्याला कामाच्या पाळीवरून बोलवू का, असे तिने विचारले, तर कानामात्राबाईने नुसती मान हलवली. ते हो की नाही, हेही शेजारणीला कळले नाही.

फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

‘मी बोलतेय,’ आईचा आवाज आला. ‘तू घाबरू नकोस हं.’

तिला तिथेच सगळे कळले.

चढाच्या पायथ्याशी छोटे इस्पितळ होते. आई बाहेरच्या बाकावर बसली होती. साडीच्या काठावर गंजाच्या पाण्याचे तांबूस डाग होते. तिला पाहताच आई उठली.

‘डोळे वाचले. चष्मा होता म्हणून. हात दोन्ही भाजलेत, मान भाजलीय.’ मग आई हळू बोलू लागली. ‘मी म्हटलं त्यांना, अहो, तुम्हीच तर जन्मभर सांगत आलात, तापलेल्या इंजिनला हात लावायचा नाही म्हणून. तर म्हणाले, सकाळीच वाचलंय, आता लगेच उघडायचं असतं. पोरीच्या नजरेखालून गेलंय ते, चुकीचं कसं असेल? आपणच जुने झालो.’

ते वाक्य लेकीनेच बदलले होते, हे आईला माहीत नव्हते. ती आत गेली.

बाबा खाटेवर होते. हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले, हनुवटीखाली मलमाचा जाड थर. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा लहान दिसत होता.

‘एवढ्या लांब कशाला धावत आलीस?’ ते म्हणाले. ‘काही झालेलं नाही.’

‘बाबा, पेपरात ते चुकलं होतं. ते मी...’

‘कुठला पेपर?’ बाबा घाईने म्हणाले. ‘आज निघायच्या गडबडीत वाचायला वेळच कुठे मिळाला?’

ती बघत राहिली. बाबांना खोटे बोलता येत नसे. आताही आले नव्हते. कानशिले लाल झाली होती. चूक कुणाची, हे त्यांना कळले होते. केव्हा, ते तिला सांगता आले नसते. कदाचित पाणी उसळले त्याच क्षणी. तिला रडू आवरेना.

सलाईन बघायला नर्स आली. बाई बोलायला मोकळी होती. ‘तुमच्या मिसेस सांगत होत्या, आजोबा, तुम्ही जन्मभर ड्रायव्हर होतात म्हणून. आणि गरम झाकण उघडू नये, एवढं साधं माहीत नाही? अहो, माझ्या शाळेतल्या पोरालासुद्धा माहीत असतं!’

पलीकडच्या खाटेवरचा माणूस हसला. तिने डोळे पुसले. ‘सिस्टर, त्यांची चूक नाही. ते माझ्या...’

बाबांनी पट्टीतला हात उचलला. किती दुखले असेल ते त्यांच्या तोंडावर दिसले, तरी हात त्यांनी तसाच हवेत धरला, ती गप्प होईपर्यंत.

‘नाही हो, सिस्टर,’ ते म्हणाले. ‘खरंच माहीत नव्हतं.’