वाकडं तास

"वहिनी, पाभरले हात लावू नका, सांगी ठेवस!"

भटूचा आवाज बांधावरून आला, तेव्हा केसरबाई बैलांच्या मानेवर जू चढवत होती. तिनं वळून पाहिलं नाही. वळलं की बोलावं लागतं, आणि भटूशी बोलायला लागलं की दिवस हातचा जातो, हे ती लग्न होऊन आल्यापासून बघत होती.

"बाईमाणूस पाभर धरी ते भुई वांझ व्हस. जुना लोकं काय येडा व्हतात?"

"जुना लोकंस्ले लकवा मारे तव्हय कोन पेरे, ते बी सांगा ना, भटूभाऊ," ती जुवाची खीळ ठोकत म्हणाली.

भटू तिचा धाकटा दीर. गाव शिंदखेडा तालुक्यातलं, तापीकाठचं, जमीन काळीशार. हस्ताचा पाऊस होऊन गेला की इथं दादर पेरतात. हिवाळ्याच्या त्या ज्वारीला पुढं वरून थेंब मिळत नाही, ती भुईच्या पोटातल्या ओलीवर वाढते. म्हणून ओल वर आहे तोवरच पेरून घ्यायचं. त्या साली कोरडा वारा लवकर सुटला होता. सकाळी मातीचा मुटका वळला जायचा आणि दुपारी तीच माती बोटांतून गळायची. गावातल्या झाडून सगळ्या पेरणीच्या पाभरी रानात होत्या. रोजानं गडी मागावा तर लोक तोंडावर हसायचे.

केसरबाईचा नवरा पितांबर पौषात लकवा मारून खाटेला खिळला. उजवं अंग गेलं, बोलणं अर्धं राहिलं. भटूनं लगेच मायेनं सांगितलं, "वावर मले वाट्यानं द्या, वहिनी. तुम्ही काब कष्ट करतस?" माया बरी होती, पण एकदा त्याची पाभर फिरली की वावर त्याचंच होणार आणि आपल्याच मातीत आपण रोजानं निंदायला जाणार, हे केसरबाईला कळत होतं. दुधानं तोंड पोळलं होतं तिचं. पितांबरचा बांधावरचा आंबा भटूनं असाच मायेनं गिळला होता.

तिनं काही एकदम पाभरीला हात घातला नव्हता. आधी ती बैलांना पाणी दाखवायला नेऊ लागली. मग जू चढवायला शिकली. मग गाडी जुंपून कडबा आणला. पितांबर खाटेवरून तुटक तुटक सांगायचा, डावा बैल आत ओढतो, त्याची शेपटी पिळू नको, नुसतं नाव घे. वैशाखात कुणी नसताना कोपऱ्यातल्या तुकड्यात तिनं वखर धरून पाहिला. हाताला फोड आले. पण ढेकळं फुटत गेली आणि तिच्या पुढ्यात मोकळी माती पसरली, तेव्हा तिला एकदम जाणवलं, आजवर आपण कुणाच्या तरी मागंच चाललो. हे आपलं काम आहे. नवरा आजारी आहे म्हणून नव्हे, आपल्याला आवडतं म्हणून. त्या दिवशी ती घरी येऊन उगाच रडली आणि मग पोटभर जेवली.

आता पाभरीला बाईचा हात लागू नये, हे कुणी ठरवलं कोण जाणे. ज्यानं ठरवलं, तो निंदणी-कापणीतून बाईला मोकळं करायला मात्र सोयीस्कर विसरला!

पण एकटीनं पेरणी होत नाही. एकानं बैल हाकत रुमण्यावर, पाभरीच्या मुठीवर, भार द्यायचा आणि मागून दुसऱ्यानं पाभरीवरच्या लाकडी चाड्यात मूठमूठ दाणा सोडायचा. हे मागचं काम बायांचंच. भटूनं गल्लीतल्या बायांना आधीच बजावलं होतं, हिच्या चाड्यावर जी उभी राहील तिला आमच्या रानात काम नाही. सासू भिकुबाईनं तर, सून वखर धरते हे कळल्यापासून, तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.

केसरबाईनं बियाण्याची ओटी स्वतःच्याच कमरेला बांधली. एक हात रुमण्यावर, एक चाड्यावर. बैल दहा पावलं गेले आणि पाभर भेलकांडली. दाणे मातीवर सांडले. बांधावरून भटू हसला. ऊन चढत होतं आणि ओल चालली होती.

तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या कमरेची ओटी सोडली. भिकुबाई होती, सांडलेला दाणा तिला बघवला नव्हता.

"तू पुढे देख," म्हातारी म्हणाली.

"माय, तू बी?" भटू ओरडत रानात शिरला.

"हा, मी बी! मनी उमर चाडं भरामा गयी, भट्या. पेरतस ते आम्हीच. पुढे चालनारले बैलनं ढुंगन सोडीसन काय दिखस? तव्हय भुई वांझ नही व्हयनी, ते आते कशी व्हई?"

माणसाला उत्तर सुचलं नाही की तो आडवा येतो. भटू धावत बैलांच्या समोर जाऊन उभा राहिला. बैल थांबले.

"सरका, भटूभाऊ."

"नही सरकत."

"आज नही पेरं ते वावर तुमना घरमा जाई. हाई तुमले बी समजस नि मले बी."

भटूचं तोंड काळंठिक्कर पडलं, पण तो हलला नाही. केसरबाईनं डाव्या बैलाला नावानं हाक मारली. बैल वळले. भटूला वळसा घालून पाभर पुढं गेली. भिकुबाईची मूठ तिच्यामागं चालत राहिली आणि भटू रानाच्या मधोमध बुजगावण्यागत उभा राहिला.

मग तो बांधावर जाऊन बसला. पेरलेल्या ओळींची दोन तासं झाली, तिसरं झालं. चौथ्याला त्याच्यातला शेतकरी गप बसेना. "वहिनी, रुमनं दाबा! दाना वर पडी राह्यना!" तो खेकसला.

बोलणं खरं होतं. तिनं रुमणं दाबलं. दिवस मावळेतो वावर पेरून झालं.

दादर उगवली. भटू गावभर सांगत सुटला, वहिनीला पाभर मीच शिकवली. भिकुबाई चिडली, केसरबाई म्हणाली, "सांगू द्या, आत्या. वावर ते आपलं शे."

पीक गुडघ्याला आल्यावर तिनं पितांबरला गाडीत घालून रानात नेलं. बांधाशी गाडी उभी केली. तो एकेका ओळीवरून नजर फिरवत गेला. तासं सरळ होती. फक्त पहिलं तास मधेच वाकडं गेलेलं, आणि त्याला धरून पुढची दोनचार.

"हाई... काय?" त्यानं डावा हात उचलून विचारलं.

"तठे तुमना भाऊ उभा व्हता."

पितांबरचं अर्धं तोंड हसलं. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, ते त्याला पुसता येईना. केसरबाईनं पदरानं पुसलं. तो शब्द जुळवत होता, ती थांबली.

"पुढला साले," तो म्हणाला, "तास सरय घालजो."